चारशे तासांचा पाहुणचार

सभेत हात वर करायची सवय वाईट, असं मी तूलिक्कीला अडतीस वर्षं सांगत आलो आहे. आमच्या लग्नालाही तेवढीच वर्षं झाली, आणि ते लग्नही एका सभेतच ठरलं होतं. पण तो विषय वेगळा.

त्या दिवशी नगरपालिकेच्या हॉलमध्ये पर्यटनाची सभा होती. सभेला जायला आम्हा कुइक्कालाकरांना निराळं कारण लागत नाही. कॉफी आणि दालचिनीचे बन फुकट असतात. शेवटी जिल्ह्याच्या गावाहून आलेल्या बाईंनी विचारलं, की परदेशात पर्यटन शिकणारी एक विद्यार्थिनी आहे, तिला कामाच्या अनुभवासाठी बारा आठवडे कुणी ठेवून घेईल का? तूलिक्कीने हात वर केला. मला वाटलं, तिला आणखी कॉफी हवी आहे. म्हणून मीही केला. इतिवृत्तात छापून आलं, ‘पती-पत्नींनी एकमताने तयारी दर्शवली.’

तळ्याकाठी आमचं चार खोल्यांचं अतिथिगृह आहे. म्हणजे अतिथिगृह तूलिक्कीचं. पाणीखात्यातून निवृत्त झाल्यापासून मी त्यात नुसता राहतो. जूनअखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाहुणे असतात. मग शाळा सुरू होतात, डासही कंटाळून निघून जातात, आणि पुढच्या जूनपर्यंत आमच्याकडे पोस्टमनशिवाय कुणी येत नाही. तोही अलीकडे दिवसाआड येतो.

विद्यार्थिनी येणार होती ऑक्टोबरमध्ये.

आधी अर्ज आला. अठरा पानी. ‘आपल्या संस्थेतील विभाग व विभागप्रमुख’ असा एक तक्ता होता आणि खाली तळटीप, की एका व्यक्तीकडे दोनांहून अधिक विभाग असू नयेत. विभाग सात होते. स्वागतकक्ष आणि स्वयंपाकघर तूलिक्कीने घेतलं. मनुष्यबळ आणि सुरक्षा माझ्याकडे आलं. पर्यावरण विभागही मलाच द्यायचा होता, कारण घरातला कचरा मी वेगळा करतो; पण तळटीप आडवी आली.

तेवढ्यात समोरची हिल्का आली. हिल्का बँकेतून निवृत्त झाली असली, तरी बँकेतल्यासारखीच चष्म्यावरून बघते.

“विक्री विभाग माझ्या नावावर टाका,” ती म्हणाली.

“तू काय विकणार?” मी विचारलं.

“तुझ्याकडे विकण्यासारखं काय आहे, ते आधी सांग.”

तूलिक्कीने तिचं नाव लिहिलं, पर्यावरणही तिलाच देऊन टाकलं. उरला ‘अतिथी वाहतूक’. तो आमच्या पलीकडच्या आर्नेकडे गेला. आर्ने एकोणऐंशी वर्षांचा, रेल्वेतून निवृत्त, सहा वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून एकटा. त्याच्याकडे बर्फावरून पायाने रेटत न्यायची घसरखुर्ची आहे. अर्जात आम्ही ‘एक वाहन, प्रदूषणमुक्त’ असं लिहिलं.

“आर्ने, तुला चालेल ना?” मी विचारलं.

“चालेलच असं नाही,” आर्ने म्हणाला, “पण न चालायलाही काही झालेलं नाही.”

आमच्या सावो प्रांतात सरळ उत्तर देणं असभ्य समजतात. बोलणाऱ्याने बोलावं, अर्थाची जबाबदारी ऐकणाऱ्याची. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

आगाता आली ती तीन कोट एकावर एक घालून. सिसिलीतल्या कातानियाची, बावीस वर्षांची, बुटकी, आणि बोलायला लागली की हात आधी पोचायचे, शब्द मागून. मला ती ‘सिन्योर कालेर्वो’ म्हणाली. आमच्याकडे सगळे सगळ्यांना एकेरीत नावाने हाक मारतात. मान द्यायचा तो राष्ट्राध्यक्षांना, आणि तोही टीव्हीवर. त्यामुळे पहिले दोन दिवस ती मला रागावली आहे, असंच मला वाटत होतं.

तिने चारही खोल्या पाहिल्या, चादरी पाहिल्या, तळं पाहिलं. मग विचारलं, “पाहुणे कुठे आहेत?”

“येतील,” तूलिक्की म्हणाली.

“कधी?”

“जूनमध्ये.”

आगाता खुर्चीवर बसली. कोट काढले नव्हते, त्यामुळे जरा उंचच बसली. मग तिने सांगितलं, की अनुभवाचे चारशे तास भरायला हवेत, आणि त्यांतले एकशेवीस तास प्रत्यक्ष पाहुण्यांच्या सेवेत गेले पाहिजेत. नाहीतर वर्ष वाया.

“त्यात काय!” मी म्हटलं. “एकशेवीस लिहून टाक. मनुष्यबळ विभागाची सही मी करतो.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की पाणीखात्यातल्या माझ्या एकतीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीबद्दल मलाच शंका यायला लागली.

“सिन्योर कालेर्वो, माझी आई न्यायालयात कारकून आहे,” ती म्हणाली. “आमच्या घरात खोटा तास कुणी लिहीत नाही.”

तोडगा हिल्काने काढला. हिल्काचे तोडगे नेहमी दुसऱ्यांनी अमलात आणायचे असतात.

“कालेर्वो दिवसभर रिकामाच असतो. त्याला पाहुणा करा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकामी बॅग घेऊन मागच्या दाराने बाहेर पडलो आणि घराला वळसा घालून पुढच्या दाराने आत आलो. आगाता टेबलामागे हसत उभी होती.

“सुस्वागतम्! प्रवास कसा झाला?”

“कुठला प्रवास?”

“सिन्योर, उत्तर द्या.”

“चिखल आहे,” मी म्हटलं.

तिने नोंदवलं. मला दोन नंबरची खोली मिळाली. ही खोली मीच रंगवली होती, पण तिच्यात झोपायचा योग कधी आला नव्हता. गादी आमच्या गादीपेक्षा चांगली निघाली. अडतीस वर्षं मी कुठल्या गादीवर काढली हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझ्या मनात पहिली कटुता आली.

पाहुणेपण सोपं नसतं. सकाळी कॉफी घ्यायला स्वयंपाकघरात शिरलो, तर आगाता दारात आडवी. “क्षमा करा, पाहुण्यांना आत यायला परवानगी नाही.” आत माझी बायको माझ्याच कपातून कॉफी पीत बसली होती. तिने मान वर केली नाही.

रोज नाश्त्याला आगाता विचारायची, “झोप लागली का?” आमच्याकडे हा प्रश्न डॉक्टर विचारतो, आणि तोही काहीतरी सापडल्यावर. पहिल्या दिवशी मी घाबरलो. चौथ्या दिवशी सविस्तर उत्तर दिलं. सातव्या दिवशी तिने विचारायला पाच मिनिटं उशीर केला, तर मी टेबलावर चमचा वाजवला.

मग तक्रारींचा धडा आला. पाहुण्याने तक्रार करायची आणि आगाताने ती शांतपणे सोडवायची. मी नको म्हणत होतो. मी तक्रारखोर माणूस नाही. पण अभ्यासक्रमात होतं. मी लापशीत गाठी असल्याचं सांगितलं. तिने तक्रारवहीत लिहून घेतलं, क्षमा मागितली आणि वही स्वयंपाकघराच्या विभागप्रमुखांकडे पाठवली. विभागप्रमुखांनी उत्तर लिहिलं, ‘इतकी वर्षं गाठी गोड लागत होत्या.’ मी त्याखाली लिहिलं, ‘सवय म्हणजे पसंती नव्हे.’ आठवड्याभरात अकरा तक्रारी झाल्या. नववी, विभागप्रमुख टॉवेल वापरून दोरीवर टाकत नाहीत यासंबंधी, जरा व्यक्तिगत झाली, हे मी मान्य करतो. त्यानंतर दोन दिवस तूलिक्की माझ्याशी फक्त स्वागतकक्षामार्फत बोलत होती.

“मॅडम विचारतात, पाहुणे सरपण फोडणार आहेत का?”

“पाहुणे सरपण फोडत नाहीत, असं मॅडमना सांग.”

आगाता जायची, यायची. “मॅडम म्हणतात, मग पाहुण्यांना गरम पाणीही मिळत नाही.”

मी सरपण फोडलं. आगाताने ते ‘अतिथींसाठी मनोरंजनाचे उपक्रम’ या सदरात नोंदवलं.

आणि तिच्या कॉलेजचं पत्र आलं. यजमानाच्या कुटुंबातील व्यक्ती पाहुणा ठरू शकत नाही. माझे शेहेचाळीस तास रद्द. ज्या माणसाने स्वतःच्या संसाराची अब्रू तक्रारवहीत मांडली, त्याला एका ओळीत रद्द केलं होतं.

“मी तेव्हाच म्हणणार होते,” हिल्का म्हणाली. “शेजाऱ्यांना बोलवा.”

पण खरंखुरं राहायला हवं, रात्री झोपायला हवं, कार्डावर सही हवी, असं आगाताने बजावलं. दीडशे मीटरवर स्वतःचं अंथरूण असताना कोण येणार? हिल्का एक रात्र येऊन गेली आणि उशीबद्दल दीड पान लिहून गेली. चर्चमधल्या गायकमंडळातल्या दोघी आल्या. त्यांना पाहुणचार आवडला, पण त्या एकमेकींशी बोलत नसल्यामुळे दोघींना दोनदा नाश्ता वाढावा लागला. आगाता खूश होती. त्याचे दुप्पट तास भरले.

आर्ने आला तो घसरखुर्चीवर बॅग ठेवून. अजून बर्फ पडलेला नव्हता, तेव्हा ती त्याने खडखडत ओढत आणली. कार्डावर ‘प्रवासाचे कारण: पर्यटन, व्यवसाय, इतर’ असं होतं. त्याने ‘इतर’वर खूण केली आणि पुढे लिहिलं, ‘घरातला रेडिएटर आवाज करतो.’

“किती दिवस राहणार, सिन्योर आर्ने?” आगाताने विचारलं.

“आता आलोच आहे तर,” आर्ने म्हणाला.

आमच्याशी इंग्रजीत चालायचं, पण आर्नेला सावो बोलीशिवाय काही येत नाही. आगाता त्याच्याशी इटालियनमध्ये बोले. दोघांचं उत्तम जमलं. तो तिला पाइक मासा कसा सोलायचा ते दाखवी, ती त्याला पत्त्यांचा कसलासा सिसिलियन डाव शिकवी, आणि तो डावात लबाडी करी. सकाळी तिने “झोप लागली का?” विचारलं, की आर्ने चमचा खाली ठेवायचा आणि रात्रीचा पूर्ण वृत्तांत द्यायचा: किती वाजता कूस बदलली, काय स्वप्न पडलं, स्वप्नात कुठली गाडी किती उशिरा धावत होती. एकदा मी म्हटलं, “आर्ने, अरे, तिला त्यातलं एक अक्षरही कळत नाही.”

“तसं आहेही,” आर्ने म्हणाला. “पण विचारते ना. सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.”

मी त्याच्याकडे लोणी सरकवलं.

नोव्हेंबरच्या शेवटी जिल्ह्याच्या आकडेवारी कचेरीतून फोन आला. फोन विक्री विभागाने, म्हणजे साखर मागायला आलेल्या हिल्काने उचलला. कुइक्कालात नोव्हेंबरमधले मुक्काम शून्यावरून एकोणचाळीसवर गेले होते. साहेब आवाजावरून उभं राहून बोलत असावेत.

“आपण नेमकी कुठली बाजारपेठ पकडलीत?”

“जवळची,” हिल्का म्हणाली.

“म्हणजे स्वीडन?”

“त्याहून जवळची.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. पुढे ‘अतिनिकट पर्यटन’ या विषयावर त्यांनी कुठल्याशा परिषदेत भाषण दिल्याचं आम्ही पेपरात वाचलं.

इकडे कॉलेजचं दुसरं पत्र आलं. सलग तीस रात्रींहून अधिक राहणारी व्यक्ती ‘निवासी’ समजण्यात येईल. म्हणजे आर्ने यापुढे पाहुणा नव्हता. कॉलेजच्या लेखी तो आमच्या कुटुंबात आला होता. मी त्याला हे जरा अवघडून सांगितलं. त्याने विचार केला आणि म्हणाला, “मग सरपण मी फोडतो.”

तास झाले होते चौऱ्याऐंशी. छत्तीस हवे होते. दिवस उरले होते अठरा, आणि गावात एकदा तरी येऊन न गेलेला माणूस उरला नव्हता. अशात तिसरं पत्र आलं, की फेर्लितो नावाच्या प्राध्यापिका स्वतः पाहणीला येत आहेत. ‘आपल्याकडील पाहुणे खरे आहेत का, ते कृपया कळवावे.’ मी प्रामाणिकपणे कळवलं, ‘पाहुणे सरावाचे आहेत, पण मनापासून राहतात.’ हे वाक्य लिहायला मला एक संध्याकाळ लागली होती आणि मला त्याचा अभिमान वाटला. आता वाटत नाही.

त्या येण्याच्या आदल्या दिवशी पहाटेपासून ओला, जड बर्फ पडायला लागला. बर्च झाडं कमानीसारखी वाकली आणि सकाळी सात वाजता तारांवर आडवी झाली. गावची वीज गेली. आता सगळ्यांच्या घरात विजेचे हीटर. विटांची मोठी लाकडाची भट्टी उरली आहे ती फक्त आमच्याकडे, कारण मी ती पाडायला दहा वर्षं टाळाटाळ केली. (याबद्दल कुणी आभार मानले नाहीत, हे जाता जाता नोंदवतो.)

दुपारपर्यंत लोक यायला लागले. हिल्का दोन मांजरं घेऊन आली. गायकमंडळातल्या दोघी आल्या, वेगवेगळ्या दारांनी. कोपऱ्यावरचं तरुण जोडपं चार महिन्यांचं बाळ घेऊन आलं. शाळेचा शिपाई, त्याची आई, त्याच्या आईची चाकाची खुर्ची. चार खोल्या आणि चौदा माणसं.

तूलिक्की क्षणभर दारात नुसती उभी राहिली. आगाताने एप्रन बांधला, टेबलावर चढली आणि टाळी वाजवली. टेबलावर चढल्यावर ती साधारण आमच्याएवढी दिसत होती.

“बाळ आणि आई, भट्टीमागची खोली! आजी खालची! मांजरं वेगळी, बायका वेगळ्या! सिन्योर आर्ने, पाणी! मॅडम, सूप, सर्वांत मोठं भांडं!”

“आणि मी?” मी विचारलं. “दोन नंबर?”

तिने यादी पाहिली. “सिन्योर कालेर्वो, सॉनाच्या बाहेरचा बाक.”

“हे माझं घर आहे.”

“होय. म्हणूनच तुम्हाला बाक कुठे आहे ते माहीत आहे.”

मी वाफेच्या न्हाणीघराबाहेरच्या त्या बाकावर गेलो. बाकाची रुंदी अठ्ठावीस सेंटिमीटर आहे. मीच बनवला होता, टॉवेल ठेवायला.

फेर्लितोबाई दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला बसमधून उतरल्या. अतिथी वाहतूक विभागाने त्यांना घसरखुर्चीवर बसवून एक किलोमीटर आणलं. आत पाऊल टाकलं तेव्हा मेणबत्त्या लागल्या होत्या, बाळ रडत होतं, एक मांजर शिपायाच्या आईच्या मांडीवर होतं आणि ते कुणाचं यावर नाही, तर ते तिथे का आहे यावर वाद चालू होता. आगाता एका हाताने सूप वाढत होती आणि दुसऱ्याने ओले मोजे भट्टीवर टांगत होती. आदल्या सकाळपासून ती झोपली असेल तर खुर्चीत, बसल्या बसल्या.

बाई थबकल्या. चष्मा पुसला. वही काढली.

“अद्भुत,” त्या म्हणाल्या. “तान्हं मूलसुद्धा!”

मी बाकावरून उठून पुढे झालो. दाढी वाढलेली, मान एका बाजूला आखडलेली. “मी या घराचा मालक,” मी म्हटलं. “मला दोन दिवस झोप नाही आणि मला कुणीही विचारलेलं नाही.”

बाई प्रेमळ हसल्या. “छान करता तुम्ही. पूर्वी रंगभूमीवर होता का?”

“मी पाणीखात्यात होतो.”

त्यांनी तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी बरोबर सात वाजता वीज आली. सगळे दिवे एकदम लागले, फ्रीज घुरघुरला, कुठेतरी रेडिओवर अकॉर्डियन सुरू झालं. बाईंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

सकाळी त्यांनी अहवाल वाचून दाखवला. ‘आणीबाणीच्या प्रसंगाचे इतके परिपूर्ण सादरीकरण मी पाहिले नाही.’ आयोजन उत्कृष्ट. वातावरणनिर्मिती उत्कृष्ट. एकच त्रुटी: ‘रुसलेल्या पतीचे पात्र अतिरंजित वाटले. प्रत्यक्षात कोणताही प्रौढ पुरुष झोपण्याच्या जागेवरून इतका वेळ रुसणार नाही.’

तूलिक्कीला खोकला आला. ती स्वयंपाकघरात गेली, आणि तो खोकला बराच वेळ ऐकू येत होता.

“प्रोफेसर,” आगाता म्हणाली, “हे सादरीकरण नव्हतं. वीज खरंच गेली होती.”

“अर्थात, बाळा,” असं म्हणून बाईंनी डोळा मिचकावला. सरावाचे तास नियमाप्रमाणे निम्मे धरले जातात, म्हणून छत्तीसचे अठरा केले, आणि त्या दहाच्या बसने गेल्या. अठरा तास कमी पडले.

आगाता रडली नाही. तिने भांडी घासली. आधीच घासलेली.

तोपर्यंत मी या प्रकरणाकडे तूलिक्कीचा उद्योग म्हणून पाहत होतो. त्या सकाळी माझ्यात काहीतरी बदललं. निम्मी माझ्या मानेची तिडीक होती, हे खरं. पण निम्मी तरी आगातासाठी होती. मी वीज कंपनीला फोन लावला.

“वीज नव्हती, असं प्रमाणपत्र हवं आहे.”

“वीज असल्याचं देतो आम्ही,” तिकडची बाई म्हणाली. “नसल्याचा फॉर्म नाही.”

“मग जी नव्हती ती कुठे नोंदवता?”

“नव्हती ती कशी नोंदवणार?”

एकतीस वर्षं मी पाणीखात्यात अशीच उत्तरं दिली होती. समोरच्या माणसाला कसं वाटतं, ते मला प्रथमच कळलं. पण याचा फायदाही झाला. अशा बाईच्या मागच्या टेबलावर कोण बसतं हे मला माहीत होतं. तीन दिवसांत सात टेबलं पार करून मी दुरुस्ती पथकाच्या मुकादमापर्यंत पोचलो. त्याच्या डायरीत होतं: ‘कुइक्काला. सकाळी सात ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात. अकरा झाडं. सूप चांगलं होतं.’ आगाताने त्या पथकालाही जेवू घातलं होतं, आणि मला बाकावर ते कळलंच नव्हतं. त्याने सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. आठवड्याने कॉलेजचं उत्तर आलं, छत्तीस तास पूर्ण मान्य. आर्नेने त्या दिवशी स्वतःहून कॉफीचा दुसरा कप घेतला. आमच्याकडे याला जल्लोष म्हणतात.

उरलं मार्गदर्शकाचं मूल्यमापन. बावीस चौकोन, प्रत्येकात एक ते पाच. मी मन मोकळं सोडलं आणि एकवीस ठिकाणी चार दिले. ‘स्थानिक हवामानाशी जुळवून घेणे’ इथे तीन. तीन कोट म्हणजे जुळवून घेणं नव्हे. इतके गुण मी आयुष्यात कुणाला दिले नव्हते, आणि म्हणून कागद तिच्या हाती देताना थोडा संकोचलोसुद्धा. ती “धन्यवाद, सिन्योर” म्हणाली आणि सामान बांधायला गेली.

दुसऱ्या दिवशी आर्ने तिला घसरखुर्चीवर बसवून स्टेशनकडे निघाला. त्याने टाय बांधला होता. ते वळणाआड गेले, आणि हिल्का धापा टाकत आली.

“काय दिलेस तू? चार?”

“सढळ हाताने.”

“मूर्खा, मागचं पान वाचलंस? चार म्हणजे ‘समाधानकारक’. पुढच्या वर्षी परदेशातल्या पदवीची जागा हवी असेल, तर सरासरी साडेचार लागते. पोरीने त्यासाठी अर्ज केलाय.”

“मग ती बोलली का नाही?”

“गुण मागून घेईल ती?” आतून तूलिक्की म्हणाली. “तिची आई न्यायालयात आहे.”

मी पळालो. एकसष्टाव्या वर्षी, उणे एकवीस तापमानात, पायात घरातल्या लोकरी सपाता. गाडी उभी होती. आमच्याकडे ती दोन मिनिटं थांबते, आणि त्यातलं एक संपलं होतं. मी खिडकीवर थापा मारल्या. आगाता दारात आली.

“कागद दे!”

तिने दिला. मी पेन काढलं. पेन गोठलं होतं. मी त्यावर फुंकर मारली, ते काखेत धरलं, उपयोग शून्य.

“आत जा, आत ऊब आहे,” आर्ने म्हणाला आणि त्याने मला मागून ढकललं. रेल्वेतल्या माणसाने असं करायला नको होतं. दार बंद झालं. गाडी सुटली. आर्ने प्लॅटफॉर्मवर टोपी काढून उभा होता, आणि तो निरोप माझा नव्हता.

बावीस चौकोन, प्रत्येक खाडाखोडीवर दोघांच्या सह्या. पेन हळूहळू वितळलं. हवामानाला मी तीनाचे चारच करणार होतो, पण तिच्या अंगावर त्या दिवशी एकच कोट होता. मी पाच केले.

“हे बघ,” मी म्हटलं. “आमच्याकडे पाच कुणाला देत नाहीत. पाच मेल्यावर मिळतात, श्रद्धांजलीत. माणूस हयात असेल तर चार फार झाले. तुला हे कुणी सांगायला हवं होतं.”

तिने कागद घडी घालून ठेवला. मग तिने बॅगेतून दुसरा कागद काढला. विद्यार्थ्यानेही मार्गदर्शकाचं मूल्यमापन करायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. पहिल्या ओळीत माझं नाव होतं. तिने पेन माझ्याच हातून घेतलं, गुडघ्यावर कागद ठेवला आणि एकेक चौकोन भरायला सुरुवात केली. चार. चार. चार. शेवटपर्यंत चार.

“तुम्ही अजून आहात ना, सिन्योर कालेर्वो,” ती म्हणाली.

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नुसतं बर्फ होतं, पण मला बराच वेळ पाहावं लागलं.

पिएक्सामाकीच्या जंक्शनवर मी सपातांनिशी उतरलो. तिची गाडी पुढे दक्षिणेला गेली. परतीची गाडी चार तासांनी होती. मी तूलिक्कीला फोन लावला.

“बदललेस?”

“सगळे पाच.”

“बरं केलंस.”

“तिनेही मला गुण दिले.”

“किती?”

“चार,” मी म्हटलं. “सरसकट.”



“आता हे गावभर सांगत सुटू नकोस,” तूलिक्की म्हणाली. “आणि स्टेशनवर आहेसच, तर येताना दूध आण.”